टाकीच्या वळणाचा कॉलम

साहेब, तो कॉलम रिकामा नव्हता.

तुम्ही तो रिकामा होता म्हणून सांगितलंत. चौकशीत सांगितलंत, गेटवर सांगितलंत, अक्काच्या लेकीच्या तोंडावर सांगितलंत. आणि सांगताना तुमच्या हातातला चहाचा कप जरासुद्धा हलला नाही.

ज्यांना भुताखेतांचं करमणूक म्हणून वाचायचंय त्यांनी खुशाल वाचा. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या बहिणीसोबत घडलंय. बस चालवणाऱ्या काकांच्या डोळ्यांदेखत घडलंय.

आणि साहेब, शेवटी तुमच्या हातातही ते आलं होतं. विसरलात का?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पहाटेपासून धुकं पडायचं ते उन्हं वर येईपर्यंत हलायचं नाही.

शहराबाहेर एक कारखाना आहे. माझी ताई तिथं ट्रान्सपोर्टच्या टेबलावर. कामगारांच्या बसचं सगळं तिच्याकडे. रोज दुपारी उद्या सकाळची यादी करायची. एक्सेलची शीट. प्रत्येक थांब्याला एक कॉलम. वर थांब्याचं नाव, खाली तिथून चढणाऱ्या माणसांची नावं. शिफ्टप्रमाणे नावं रोज बदलायची. मग प्रिंट काढून ड्रायव्हरच्या हातात.

थांबे ढीगभर. कागद आडवा लावला तरी एका पानात मावायचे नाहीत. ताई पानं चिकटपट्टीने जोडून द्यायची. ड्रायव्हर काका ती लांबलचक पट्टी काचेला लावायचे आणि म्हणायचे, "पोरी, ही यादी आहे का पडदा? पुढचा रस्ता दिसू दे की मला."

ताईच्या साहेबांना ही पानं खुपायची. "एका पानात बसवा. जगात सगळं होतं, तुमच्यानेच होत नाही."

ताईला कुणी शिकवलं नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून, अख्खी शीट अनेकदा बिघडवून, रडून, परत बसून तिने मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच नीट समजावून ठेवलेलं काम. बटण दाबलं की तो एकेक कॉलम बघत जाणार. थांब्याच्या नावाखाली काही आहे? असेल तर राहू दे. काहीच नसेल तर कॉलम लपव. मग प्रिंट काढ.

झालं. सगळं एका पानात. टापटीप.

पण ताईला एक गोष्ट खटकली.

पूर्वी कॉलम रिकामा असला तरी थांब्याचं नाव कागदावर यायचंच. काका ते वाचायचे, तिथं बस हळू करायचे, एक नजर टाकायचे. यादीत नाव राहिलेलं एखादं माणूस उभं असेल तर घ्यायचे. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. पडलेली रीत.

ताईने साहेबांना विचारलं. "साहेब, माणूस नसलं तरी थांब्याचं नाव तरी छापू दे ना. काका बघून घेतात."

साहेब हसले. "ड्रायव्हरने बघायचं नसतं. कागदावर आहे तिथं थांबायचं. कागदावर नाही तिथून जायचंच नाही. डिझेल काय झाडाला लागतं?"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरूनच घडलं.

आता अक्का.

अक्का पॅकिंगला होती. टाकीच्या वळणावरून चढणारी ती एकटीच. शहरातून कारखान्याला दोन रस्ते. एक सरळ, नवा. दुसरा आतला, जुना, पाण्याच्या उंच टाकीला वळसा घालून जाणारा. त्या वळणावर अक्का उभी असायची. अंगाने भरभक्कम, गळ्यात कारखान्याचं कार्ड, काखेत डबा.

चढली की बसच्या पत्र्यावर तळहाताने दोनदा मारायची.

थप… थप.

म्हणजे, आले रे बाबा, चल.

आणि तिने पायरीवर पाय ठेवला की ती जुनी बस डाव्या अंगाला किंचित कलायची. काका रोज म्हणायचे, "अक्का, तुझ्यापायी माझी बस लंगडी झाली."

"बस आधीचीच लंगडी आहे. मी नुसती तुम्हाला आठवण करून देते."

ती बसायची काकांच्या मागच्याच सीटवर. ती सीट दुसरं कुणी घेत नसे. घेतलं तर अक्का तोंडाने काही बोलायची नाही. डबा त्याच्या मांडीवर ठेवायची आणि उभी राहायची. तो आपोआप उठायचा.

त्या साली साहेबांनी पॅकिंगची माणसं कंत्राटदाराकडे दिली. तेच काम, तीच माणसं, तीच बस. फक्त त्यांची नावं कंत्राटदाराच्या फाइलमधून यायची.

एका दुपारी ती फाइल आलीच नाही.

ताईने वाट बघितली. कंत्राटदाराला फोन लावला, त्याने उचलला नाही. ती साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, कंत्राटी लोकांची नावं आली नाहीत. कालचीच यादी चालवू का?"

साहेबांनी मान वरसुद्धा केली नाही. "नावं आली नाहीत म्हणजे माणसं नाहीत. प्रिंट काढा."

ताईने बटण दाबलं.

बाकीच्या थांब्यांवर कंत्राटी माणसं कायम कामगारांसोबतच उभी असायची. बस थांबली, सगळेच चढले. टाकीच्या वळणावर अक्का एकटी. तिचं नाव नाही, म्हणून कॉलम रिकामा. कॉलम रिकामा, म्हणून मॅक्रोने तो लपवला. कागदावर थांबाच नाही, म्हणून काकांनी सकाळी सरळ रस्ता धरला.

अक्का धुक्यात उभी राहिली. बस आली नाही. कामावर खाडा पडायला नको म्हणून ती चालत निघाली, पुढं जिथं दोन्ही रस्ते मिळतात तिकडे.

मागून ट्रक आला. त्याला ती दिसली नाही.

सापडली तेव्हा गळ्यात कार्ड तसंच होतं. डबा बाजूला शेतात उडालेला.

आणि साहेब काय म्हणाले? "कॉलम रिकामा होता. म्हणजे ड्युटी नव्हती. ड्युटी नव्हती म्हणजे आपला संबंध नाही."

एवढ्यावर भागलं नाही. ड्युटी नव्हती म्हटल्यावर लोकांची तोंडं सुटली. मग एवढ्या सकाळी बाई कुठं निघाली होती? कुणाला भेटायला? धुक्यात, एकटी? ज्या शेजारणींनी तिच्याकडून वाटी वाटी साखर उसनी नेली, त्याच कुजबुजायला लागल्या.

अक्काची लेक गेटवर आली. लग्न होऊन लांब गेलेली पोर. ताईचा हात धरून म्हणाली, "ताई, मला तुमच्याकडून काही नको. फक्त आई कामावर निघाली होती एवढं लिहून द्या. माझ्या सासरीसुद्धा विचारतात हो…"

तिकडं साहेबांनी ताईसमोर टाइप केलेला जबाब ठेवला. अमुक दिवशी सदर थांब्यावरून कोणीही ड्युटीवर येणार नव्हते. खाली ताईचं नाव. सहीची जागा मोकळी.

"वाचत काय बसलात? सही करा."

"विचार करते, साहेब."

"विचार करायला तुम्हाला ठेवलेलं नाही."

ताईने शनिवारपर्यंत मुदत मागितली. साहेबांनी दिली, उपकार केल्यासारखी.

त्याच दुपारी ते पहिल्यांदा घडलं.

ताईने नेहमीसारखं बटण दाबलं. पान बाहेर आलं. तिने सवयीने नजर फिरवली आणि…

मधोमध एक कॉलम कोरा.

वर नाव. टाकीचं वळण.

खाली काही नाही.

तिला वाटलं, कुठंतरी स्पेस पडला असेल. चुकून स्पेसबारला बोट लागलं की सेल, म्हणजे शीटमधला चौकोन, रिकामा दिसतो पण रिकामा नसतो, मॅक्रो फसतो. तिने नावाखालचा अख्खा कॉलम निवडून डिलीट मारलं. परत बटण.

परत तोच कॉलम. कोरा.

मग तिने भरलेले सेल मोजणारा फॉर्म्युला त्या कॉलमसाठी दुसऱ्या शीटवर लावला.

उत्तर आलं, एक.

तिने एकेक सेल उघडून बघितला. स्पेस नाही. फॉर्म्युला नाही. पांढऱ्या रंगात लिहिलेलं काही नाही. सगळं पुसलं.

एक.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

एक.

बसची वेळ होत आली होती. तिने तेच पान काकांना दिलं.

दुसऱ्या दिवशी बस पोहोचवून काका थेट तिच्या टेबलाशी आले. टोपी हातात. चेहरा उतरलेला.

"पोरी, टाकीच्या वळणावर कुणाला ठेवलंयस?"

"कुणी नाही, काका. मॅक्रोचा घोळ झालाय."

"कागदावर होतं म्हणून मी आतून गेलो. थांबलो. दार उघडलं. कुणी नाही. मागून पोरं ओरडायला लागली, काका, कुणाला घेताय, धुक्याला का? मी दार लावणार एवढ्यात…"



"एवढ्यात काय?"

"बस कलली गं. डाव्या अंगाला."

ताईने कीबोर्ड बाजूला सारला.

"आणि मग पत्र्यावर… दोनदा." काकांनी टेबलावर तळहात आपटून दाखवला. थप… थप. "कोण चेष्टा करतंय म्हणून मागं वळलो. सगळे गप. सगळ्यांनी ऐकलं होतं."

"आणि सीट?"

"सीट मोकळी होती," काका म्हणाले. "पण हात लावून बघितला तर ओली."

हे रोज व्हायला लागलं. रोज तो कॉलम. रोज ते वळण. बसमधली माणसं खिडकीकडची जागा सोडून आत सरकून बसू लागली. एकाने साहेबांकडे तक्रार केली की रोज फुकट वळसा पडतो.

साहेब ताईवर खेकसले. "रिकामा कॉलम छापला जातोच कसा? तुमचं काम कच्चं. हाताने लपवा तो कॉलम. तो थांबा मला कागदावर दिसता कामा नये."

ताईने मॅक्रो बाजूला ठेवला. हाताने कॉलम लपवला. पान आलं. टाकीचं वळण गेलं होतं.

फक्त दोन थांब्यांच्या मध्ये एक पांढरी पट्टी राहिली होती. एका कॉलमाएवढी.

तिने बोट फिरवलं.

पट्टी ओलसर होती. थंडगार. शेजारच्या नावांची शाई पसरली होती. बाकी सगळा कागद प्रिंटरमधून आलेला, कोमट.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "पोरी, उद्या तू बसमध्ये ये. मला वेड लागलंय का, एवढंच बघ. लागलं असेल तर गाडी सोडतो."

ताई गेली. पहिल्या थांब्यावरून चढली. अक्काच्या सीटवर बसायची हिंमत झाली नाही. पलीकडे बसली.

धुकं असं की काचेपुढं कुणीतरी दूध ओतलंय. वायपर नुसते इकडून तिकडे.

फाटा आला. काकांनी तिला कागद दाखवला. टाकीचं वळण नाही. "बघ हं. सरळ चाललो."

बस सरळ गेली. ताईने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. नव्या रस्त्याचे पांढरे पट्टे चाकाखालून सरकत होते. गुळगुळीत रस्ता. एक खड्डा नाही.

मग पट्टे दिसेनासे झाले.

धुक्यामुळे असेल, तिला वाटलं.

मग एक खड्डा बसला.

मग दुसरा.

"काका…"

"मी वळवलं नाही गं. आईची शपथ, स्टेअरिंग सरळच आहे."

आणि बाहेरून… पत्र्यावर…

थप.

बस चालू होती. कुणी धावत धावत मारल्यासारखी.

थप.

काकांनी ब्रेक दाबला. मागं कुणाचीतरी बाटली घरंगळत गेली, तेवढाच आवाज. धुकं क्षणभर विरळ झालं.

समोर टाकी उभी होती.

आतल्या रस्त्याची. जिकडं बस वळलीच नव्हती, ती.

काकांनी दार उघडलं. गार हवा आत आली. पायरीवर कुणी नव्हतं.

बस डाव्या अंगाला कलली.

ताईच्या समोर, हातभर अंतरावर, त्या सीटचं रेक्झिन हळूहळू खाली गेलं. जड माणूस बसल्यावर जातं तसं. जुनी स्प्रिंग करकरली.

कुणी किंचाळलं नाही. किंचाळायला श्वास लागतो.

ताई म्हणते, तिला भीती वाटली नाही. मी भाऊ आहे, मला ठाऊक आहे, ती खोटं बोलते. पण ती एक वाक्य बोलली, आणि ते बसमधल्या सगळ्यांनी ऐकलं.

"काका, चला. अक्काला उशीर होतोय."

कारखान्याच्या गेटवर फिरता दांडा आहे. कार्ड टेकवलं की एकेक माणूस आत. सगळे उतरले, सगळे आत गेले. ताई शेवटची. तिने कार्ड टेकवायच्या आधीच…

दांडा फिरला.

पहारेकऱ्याने मशीनवर एक चापट मारली. "हे येडं झालंय सकाळपासून."

ताई तशीच टेबलाशी गेली. शीट उघडली. टाकीच्या वळणाखालच्या पहिल्या सेलमध्ये तिने अक्काचं पूर्ण नाव टाइप केलं. कार्डावर होतं तसं. तिला वाटलं, हेच हवं असेल. नाव लिहिलं की सुटेल.

दुसऱ्या शीटवर फॉर्म्युला अजून होता.

एकाचे दोन झाले.

म्हणजे तिने लिहायच्या आधीच तिथं काहीतरी होतं. तिने लिहिलं ते वेगळं.

शनिवारी साहेबांनी जबाब पुढं सरकवला. ताईने पेन उचललं नाही.

"साहेब, तो कॉलम रिकामा नव्हता. त्या दिवशी मी तुमच्याकडे आले होते. नावं आली नाहीत म्हणून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, माणसं नाहीत."

"मी असं काही म्हणालो नाही."

"आणि आजही तो रिकामा नाही. या, बघा."

साहेब आले. तरातरा. ताईला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसले. अक्काचं नाव त्यांनी स्वतःच्या बोटाने पुसलं. कॉलम मुळापासून काढून टाकला. "बघा. गेलं. याला अक्कल लागते." आणि स्वतः प्रिंट दिली.

पान आलं. साहेबांनी ते उचललं.

उचललं मात्र…

त्यांचा अंगठा बरोबर त्या पट्टीवर होता. कागदातून पाणी सुटलं. मनगटावरून त्यांच्या बाहीत गेलं. पान हातातून पडलं. साहेबांनी हात पँटला पुसला, परत पुसला. रंग उडाला होता.

"एसीचं पाणी गळतंय," ते म्हणाले. "मेकॅनिकला बोलवा."

एसी बंद होता. हिवाळा होता, साहेब. धुकं होतं बाहेर.

सोमवारी ताईची बदली झाली. मागच्या गोदामात, जिथं कॉम्प्युटर नाही. काकांनी गाडी सोडली. टेबलावर नवा माणूस आला, त्याने नवी फाइल केली, स्वतःचा मॅक्रो लिहिला. त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. तो प्रिंटरवाल्याला सारखे फोन लावतो, की बाबा, पानाच्या मधोमध एक पट्टी का सुटते? रोलर बदललास तरी का सुटते?

लेकीला अजून कागद मिळालेला नाही. ताईने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, सही केली. सासरच्यांनी विचारलं, यावर शिक्का कुठंय?

आता आमच्या घराचं.

परवा सकाळी धुकं होतं. मी चहा ठेवत होतो. ताई केस विंचरत होती. आमच्या पत्र्याच्या दारावर…

थप… थप.

मी उघडलं. कुणी नाही. उंबऱ्यावर ओल, तेवढीच.

मागं वळलो तर ताई चपला घालत होती. पांढरीफटक. "ती मला न्यायला आलेली नाही रे," म्हणाली. "ती विचारायला येते."

मला झोप लागत नाही तेव्हापासून. ही काय चीज आहे, मला माहीत नाही. ती कुठवर येणार, तेही माहीत नाही. आमच्याकडे उत्तर नाही. आम्ही दार उघडून एवढंच म्हणू शकतो, की अक्का, इथं नाही, पुढं जा, त्या मोठ्या घराला लोखंडी फाटक आहे.

तेव्हा साहेब, मी विचारतो. सगळ्यांसमोर विचारतो. एसी, प्रिंटर, स्पेस, काही सांगू नका.

गळ्यात तुमच्या कारखान्याचं कार्ड घालून, डबा घेऊन, तुमच्या थांब्यावर उभी असलेली ती बाई त्या सकाळी कामावर निघाली होती की नव्हती?

हो का नाही?

शिक्क्यानिशी.